बेटासाठी दोन साम्राज्यांचं आरमारी युद्ध लिहितेय, पण ते संपतं कसं?

निळाई

नमस्कार मंडळी. गेली दीड वर्षं एक कादंबरी लिहितेय. जग पूर्ण काल्पनिक आहे, दोन मोठी साम्राज्यं आणि मध्ये समुद्रात एक बेट, त्याचं नाव सध्या वेळबेट ठेवलंय. काळ शिडाच्या जहाजांचा आणि तोफांचा, म्हणजे साधारण अठरावं शतक धरा. बेटावर एका साम्राज्याची वसाहत आहे आणि ती दुसऱ्याला हवीय. शेवटची तीन प्रकरणं म्हणजे समुद्रावरची मोठी लढाई, दोन्हीकडे शंभर शंभर जहाजं, तोफा, आगी, धूर, सगळं आहे त्यात. लिहिताना फार भारी वाटलं होतं.

मग भावाला वाचायला दिलं. त्याने दोनच प्रश्न विचारले. एवढी माणसं चार महिने समुद्रावर खातात पितात काय? आणि हरलेले लोक पुढच्या वर्षी नवीन जहाजं घेऊन परत का येत नाहीत? मला दोन्हीचं उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून तीन आठवडे एक ओळ पुढे गेलेली नाही.

तर ज्यांना आरमाराची, समुद्राची, इतिहासाची माहिती आहे त्यांनी सांगा की अशी युद्धं खरोखर कशी चालायची. एका छोट्या बेटासाठी साम्राज्यं एवढा खर्च का करायची आणि शेवटी बेट कुणाकडे राहणार हे कशावरून ठरायचं? मला गोष्ट खोटी वाटायला नकोय.

जुना_सारंग

भावाने प्रश्न अगदी नेमके विचारलेत, त्याला माझ्याकडून शाबासकी द्या. मी तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, आता घरी बसून जुन्या आरमारांबद्दल वाचत असतो, त्यामुळे उत्तर लांबेल.

तुमच्या गोष्टीच्या सगळ्यात जवळचा खरा प्रसंग म्हणजे त्रिंकोमाली, १७८२. श्रीलंकेचा किनारा तेव्हा डचांकडे होता, जानेवारीत इंग्रजांनी त्रिंकोमाली घेतलं आणि ऑगस्टच्या शेवटी फ्रेंच आरमाराचा प्रमुख सुफ्रें याने ते इंग्रजांकडून घेतलं. सुफ्रें आणि इंग्रजांचा एडवर्ड ह्यूज हे दोघं फेब्रुवारी १७८२ ते जून १७८३ या दीड वर्षात पाच वेळा समोरासमोर लढले, आणि आता लक्ष देऊन वाचा, या पाच लढायांमध्ये एकही मोठं जहाज तोफांनी बुडालं नाही की शत्रूच्या हाती लागलं नाही. फ्रेंचांची दोन मोठी जहाजं गेली, पण ती लढाईत नाही, किनाऱ्याजवळ तळाला लागून फुटली. आणि जहाजं किती, तर त्रिंकोमालीच्या लढाईत दोन्हीकडे बारा-चौदा मोठी, बस. तुमच्या शंभराची वीस केलीत तरी ते प्रचंड आरमार वाटेल, कारण असं एक जहाज बांधायला दोन-चार हजार मोठी झाडं पडायची.

मग भांडण त्रिंकोमालीसाठीच का? तर नकाशा बघा. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर मद्रासला तेव्हा बंदरच नव्हतं, जहाजं उघड्या समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं, माल, सगळं मसुला होड्यांतून लाटांवरून किनाऱ्याला न्यायचे. ऑक्टोबर उजाडला की तिथे वादळं सुरू होतात, मोठ्या आरमाराने तिथे थांबणं म्हणजे मरण. त्या सगळ्या पट्ट्यात आत शिरून निर्धास्त उभं राहता येईल अशी एकच जागा, त्रिंकोमालीचं बंदर. ते हातचं गेल्यावर ह्यूजला पावसाळी वादळं टाळायला आणि जहाजं दुरुस्त करायला पार वळसा घालून आपल्या मुंबईला यावं लागलं, कारण मुंबईत १७५० पासून कोरडी गोदी होती, जहाज आत घ्यायचं, पाणी काढायचं आणि तळ उघडा करून काम करायचं. तो परत मद्रासला पोचला एप्रिल १७८३ मध्ये. म्हणजे सहा-सात महिने पूर्व किनारा मोकळा. एक लढाई जिंकून जे मिळालं नसतं ते बंदर घेऊन मिळालं.

आता खाण्यापिण्याचं. चौऱ्याहत्तर तोफांच्या जहाजावर सहाशेच्या आसपास माणसं असतात. माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरा, पिण्याचं आणि शिजवण्याचं मिळून. दिवसाला २४०० लिटर झाले, तीन महिन्यांचे दोनशे टनांहून जास्त, आणि हे सगळं लाकडी पिंपांत, जे काही आठवड्यांत हिरवं पडतं आणि वास मारायला लागतं. खारवलेलं मांस आणि कडक बिस्किटं महिनोन् महिने खाल्ली की हिरड्या सुजतात, दात हलतात, जुन्या जखमा उघडतात, तो स्कर्व्ही. लिंबाचा रस यावर चालतो हे १७४७ मध्ये जेम्स लिंडने जहाजावर प्रयोग करून दाखवलं होतं तरी इंग्रज आरमाराने तो सगळ्यांना द्यायला सुरुवात केली १७९५ मध्ये. म्हणजे १७८३ ला मद्रासच्या दक्षिणेला कडलूरच्या शेवटच्या लढाईत ह्यूजकडे अठरा जहाजं आणि सुफ्रेंकडे पंधरा, पण ह्यूजची माणसं स्कर्व्हीने आडवी झालेली आणि पिंपं रिकामी होत आलेली, शेवटी तो मद्रासला परत गेला. हे तुमच्या पुस्तकात घाला, एकही तोफ न उडवता वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येईल.

आणि डोलकाठी विसरू नका. लढाईत सगळ्यात आधी काय तुटतं तर डोलकाठ्या, परबाणं म्हणजे शिडाचे आडवे वासे, दोर. सुफ्रेंकडे गोदी नव्हती, तो लहान जहाजांच्या डोलकाठ्या काढून मोठ्या जहाजांवर चढवायचा. तुमचं हरलेलं साम्राज्य पुढच्या वर्षी परत येईलच, यायलाच हवं, पण त्याला लाकूड कुठून मिळतं हे आधी ठरवा.

थळचा_दादूस

सारंग काकांनी मोठ्या समुद्राचं सांगितलं, मी किनाऱ्याचं सांगतो, आमच्या समोरच घडलेलं आहे.

खांदेरी. १६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी शिवाजी महाराजांची माणसं मायनाक भंडारींबरोबर बेटावर उतरली आणि तट बांधायला लागली. मुंबईच्या तोंडावरचं बेट, त्यामुळे इंग्रजांच्या पोटात गोळा आला, त्यांनी जहाजं पाठवून बेटाला वेढा घातला, पुढे सिद्दीही त्यांच्या जोडीला आला. आता तोफा कुणाच्या मोठ्या तर इंग्रजांच्या, जहाजं कुणाची उंच तर इंग्रजांची. पण आमच्याकडे पावसाळ्यानंतर वारा कसा असतो तर रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई, दुपारी समुद्राकडून, आणि मध्ये दोन-तीन तास पान हलत नाही. वारा पडला की शिडाचं मोठं जहाज म्हणजे पाण्यातलं घर, जागच्या जागी उभं. आणि मराठ्यांची गलबतं मचवे वल्ह्यांवर चालणारे, तळ उथळ, ओहोटीतसुद्धा खडपांमधून निघून जाणारे. इंग्रज रात्रभर पहारा करायचे आणि सकाळी बघतात तर बेटावर दगड, चुना, धान्य पोचलेलं. १८ ऑक्टोबरला महाराजांच्या आरमाराच्या दौलतखानाने गलबतं घेऊन सरळ हल्ला केला, इंग्रजांचं डव्ह नावाचं जहाज पकडलं, त्यांचं रिव्हेंज नावाचं मोठं जहाज मात्र लढत टिकून राहिलं. त्या दिवसाची लढाई कोण जिंकलं यावर लोक अजून वाद घालतात, पण बेट कुणाकडे राहिलं यावर वाद नाही. इंग्रजांनी शेवटी नाद सोडला. सिद्दीने काय केलं तर शेजारचं उंदेरी बळकावून तिथे तोफा चढवल्या, मग दोन बेटं एकमेकांकडे तोंड करून वर्षानुवर्षं भांडत बसली.

ताई, तुमच्या वेळबेटावर कोळी आहेत का? नसतील तर आणा. कुठल्या भरतीला कुठल्या खडपावरून होडी जाते, उधाणाला किती पाणी चढतं आणि भांगाला म्हणजे लहान भरतीला किती, हे त्यांना माहीत असतं, नकाशात नसतं. दोन्ही साम्राज्यांना ते लागणार.

मसाला_डबा

सारंग काकांचं सगळं वाचलं, छान लिहिलंय, पण बंदर म्हणजेच सगळं हे मला पटत नाही. बेटावर काय पिकतं ते पण बघायला हवं ना. इंडोनेशियात बांदा बेटांमध्ये रून म्हणून एक बेट आहे, लांबी जेमतेम तीन किलोमीटर, तिथे जायफळ व्हायचं आणि तेव्हा जायफळ जगात बांदा सोडून कुठे होतच नव्हतं. इंग्रज आणि डच त्यासाठी अर्धं शतक भांडले आणि १६६७ च्या ब्रेडाच्या तहात रून डचांकडे राहिलं आणि न्यू अॅमस्टरडॅम, म्हणजे आजचं मॅनहॅटन, इंग्रजांकडे. त्या वेळी डचांना आपण फसलो असं वाटलं नव्हतं.

दुसरं ग्वादलूप. कॅरिबियनमधलं साखरेचं बेट, १७५९ ला इंग्रजांनी जिंकलं आणि १७६३ च्या तहात फ्रान्सने अख्खं कॅनडा सोडलं पण ग्वादलूप परत मागून घेतलं. लंडनमध्ये तेव्हा खरोखर वाद चालला होता की कॅनडा ठेवावं की ग्वादलूप. तर निळाई, तुझ्या बेटावर काहीतरी असं पिकू दे की ज्याच्यावर राजाचा खजिना चालतो, म्हणजे का लढतात हा प्रश्नच उरणार नाही.

जुना_सारंग

मसाला डबा, तुमचा मुद्दा बरोबर आहे, मी तो सोडायला नको होता. फक्त एवढंच म्हणतो की पीक हे लढायचं कारण, आणि बेट टिकवायचं साधन बंदर. जायफळ असलेल्या बेटावर जहाज उभं करता येत नसेल तर जायफळ शेवटी शेजारच्या बंदरवाल्याच्याच हाती जातं. लेखिकेला दोन्ही लागतील.

अबोली

धागा आवडला म्हणून मुद्दाम लॉगिन केलं. मी नोकरीमुळे सहा वर्षं मॉरिशसला होते आणि तुम्ही दोघं ज्यावर वाद घालताय त्याचं उत्तर तिथे बघायला मिळतं असं मला वाटतं.

मॉरिशस तेव्हा फ्रेंचांकडे, नाव इल द फ्रान्स. पोर्ट लुईच्या बंदरातून फ्रेंच जहाजं निघायची आणि भारताकडून येणारी-जाणारी इंग्रजांची व्यापारी जहाजं लुटायची, सुर्कूफ नावाच्या फ्रेंच कप्तानाने तर १८०० साली बंगालच्या उपसागरात केंट नावाचं केवढं तरी मोठं जहाज पकडलं. इंग्रजांनी शेवटी बेटच घ्यायचं ठरवलं. ऑगस्ट १८१० मध्ये आग्नेयेच्या ग्रां पोर्टला मोठी लढाई झाली. इंग्रजांच्या चार फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौका, आत शिरल्या, पण आत सगळीकडे प्रवाळाचे खडक. दोन अशा अडकल्या की इंग्रजांना त्या स्वतःच्या हाताने जाळाव्या लागल्या, एक फ्रेंचांनी तोफांनी खिळखिळी करून पकडली आणि चौथी नंतर शरण आली. नेपोलियनच्या काळातला फ्रेंच आरमाराचा हा असा विजय की पॅरिसच्या विजय कमानीवर त्याचं नाव कोरलंय. दोन्हीकडचे कप्तान, दुपेरे आणि विलोबी, दोघंही जखमी, आणि दोघांवर उपचार एकाच घरात झाले. माहेबूर्गला ते घर अजून आहे, आता संग्रहालय आहे, मी तीन-चार वेळा गेलेय आणि दर वेळी त्या खोल्यांमधून फिरताना मला हेच वाटायचं की रात्री शेजारच्या खोलीतलं कण्हणं ऐकून या दोघांच्या मनात काय आलं असेल. निळाई, हा प्रसंग तुला वापरता आला तर बघ.

आणि एवढा विजय मिळवून तीनच महिन्यांत बेट गेलं. इंग्रजांनी भारतातून मुंबई, मद्रास, बंगाल तिन्हीकडून आणि शिवाय आफ्रिकेच्या दक्षिणेच्या केपहून जहाजं गोळा केली, दहा हजारांच्या आसपास सैन्य आणलं, उत्तरेला खडकांमधून वाट शोधून २९ नोव्हेंबरला उतरले आणि ३ डिसेंबरला फ्रेंच गव्हर्नर देकाँने शरणागतीवर सही केली. म्हणजे समुद्रावरची लढाई एक जिंकला आणि बेट दुसऱ्याला मिळालं, कारण दुसऱ्याच्या मागे पाठवायला माणसं आणि धान्य होतं, पहिल्याला फ्रान्सहून काहीच येत नव्हतं.

आता बंदर की पीक. शेजारचं रेयुनियन बेटही इंग्रजांनी घेतलं होतं, तिथेही शेती होतीच. १८१४ च्या तहात इंग्रजांनी रेयुनियन फ्रान्सला परत दिलं आणि मॉरिशस ठेवलं, कारण रेयुनियनला चांगलं बंदरच नाही. तेव्हा सारंग काकांकडे माझं मत.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. वरच्या एकाही उत्तरात बेटावरची माणसं नाहीत (दादूसने कोळी आणले, तेवढेच). १८१० ला मॉरिशसवर राहणाऱ्यांमध्ये बहुसंख्य लोक गुलाम होते, आफ्रिकेतून आणि मादागास्करहून आणलेले. तटाचे दगड त्यांनी वाहिले, सैन्याचं धान्य त्यांनी पिकवलं, जे पळाले ते डोंगरात लपून राहायचे, ल मॉर्नच्या कड्यावर. झेंडा बदलला तेव्हा शरणागतीच्या अटींमध्ये जमीनदारांचे कायदे, धर्म, रीतीरिवाज, मालमत्ता सगळं शाबूत राहिलं, म्हणून तिथे आजही फ्रेंच वर्तमानपत्रं निघतात आणि कायद्यात फ्रेंच वळण आहे. पण मालमत्तेत गुलामही आले. त्यांना सुटका मिळाली १८३५ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. आणि मग उसाच्या शेतांसाठी भारतातून गिरमिटिया मजूर आणले, त्यात आपल्या कोकणातली माणसंही होती. त्यांची पणतवंडं आज तिथे मराठी आडनावं लावतात, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि विसर्जनाला आपल्यासारखीच मिरवणूक निघते. मी तिथल्या एका आजींच्या घरी गणपतीला जायचे, त्यांची मराठी आरतीपुरती उरलेली, बाकी सगळं क्रेओल, म्हणजे तिथली फ्रेंचमधून झालेली बोली, पण आरती एकदम पाठ, एक शब्द चुकणार नाही. दोन राजांचं भांडण कुठल्या घरापर्यंत येऊन पोचतं ते मला त्या घरात बसून कळलं. वेळबेटावर कोण राबतं आणि झेंडा बदलल्यावर त्यांचं काय होतं, हे तुझ्या पुस्तकात असायला हवं असं मला फार मनापासून वाटतं.

निळाई

मी काल रात्रीपासून हे चार वेळा वाचलंय. अबोली, तुझं शेवटचं वाचून मी माझं हस्तलिखित पुन्हा चाळलं, साडेतीनशे पानांत बेटावर राहणाऱ्या माणसाचं एक नाव नाही, फक्त सरदार आणि कप्तान. ते मी बदलणार. आणि मोठी लढाई शेवटाला ठेवणार नाही, ती मध्ये घेते, आणि जिंकणारा जिंकूनही पुढे उपाशी पडतो असं करते.

सारंग काका, अजून एक विचारते. माझ्याकडे राजधानी बेटापासून खूप लांब आहे. तहाची बातमी पोचायला किती वेळ लागत असेल? दोन प्रकरणांमध्ये मी ती आठवड्याभरात पोचवलीय.

जुना_सारंग

आठवडा विसरा. मी वर कडलूरची लढाई सांगितली ना, ती झाली २० जून १७८३ ला. इंग्लंड आणि फ्रान्सचा प्राथमिक तह युरोपात झाला होता २० जानेवारीला, बरोबर पाच महिने आधी. बातमी कडलूरला पोचली २९ जूनला. त्या एका दुपारी दोन्हीकडे मिळून दोनशेच्या आसपास माणसं मेली, तह होऊन पाच महिने झाल्यावर. आणि ज्या त्रिंकोमालीसाठी हे सगळं चाललं होतं ते तहात डचांना परत गेलं. १७९५ ला इंग्रजांनी पुन्हा घेतलं तेव्हा कुठे त्यांच्याकडे राहिलं.

एक सांगायचं राहिलं. पुढे त्या बंदराचं नाव इंग्रजांनी एका युद्धनौकेला दिलं, ती सागवानाची, आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधली, १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ती अजून आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे आणि तरंगते. सागवान काय चीज आहे बघा. तुमच्या एका साम्राज्याकडे सागाची जंगलं द्या आणि दुसऱ्याकडे देऊ नका, पुढचं आपोआप सुचेल.

निळाई

काका, खूप खूप आभार. तहाची बातमी उशिरा पोचते हे घेतलं मी.

दादूस, आता तुम्हाला विचारायचंय. मला वेळबेटावर एक विहीर हवीय, आणि ती राखणारी बाई आता माझी मुख्य पात्र आहे. पण चारी बाजूंनी समुद्र असताना विहिरीला गोडं पाणी लागतं हे वाचणाऱ्याला पटेल का? आणि त्या विहिरीवर दोन हजार सैनिक येऊन बसले तर काय होईल?

थळचा_दादूस

पटेल की. मालवणला सिंधुदुर्ग बघितलात ना, चारी बाजूला समुद्र आणि आत तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव, पाणी गोड. नावं पण घेण्यासारखी आहेत.

बेटांवर बऱ्याच ठिकाणी कसं असतं सांगतो. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, ते हलकं असतं म्हणून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. जेवढं लागेल तेवढंच काढलं तर वर्षभर पुरतं. पण घाईने उपसा केला की वरचं गोडं पाणी संपतं आणि खालून खारं पाणी वर चढतं, आणि एकदा विहीर खारट झाली की पुढचा पाऊस होईपर्यंत काही करता येत नाही, कधी कधी एका पावसानेही भागत नाही. दोन हजार माणसं आली तर तुमच्या त्या बाईला घागर वर आल्या आल्या चवीवरूनच समजेल, पहिल्या दिवशी फक्त जराशी मचूळ लागेल. ती कुणाला सांगते आणि कुणाला सांगत नाही, ते तुम्ही ठरवा.